दार आपटणारा सोळा वर्षांचा मुलगा

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइल, क्लासहून येताना एनर्जी ड्रिंक, सकाळी उपाशीच बाहेर. पूर्वी रंकाळ्याला सायकलची फेरी मारायचा, आता काही विचारलं की दार आपटतो. सवयींमुळे मन बिघडलंय की मनामुळे सवयी?
– एक आई, शिवाजी पेठ

उत्तर: ताई, दोन्ही. झोप तुटली की चिडचिड वाढते, आणि मन जड असलं की झोप येत नाही, मग हात मोबाइलकडेच जातो. या वयात झोपेचं घड्याळ तसंही पुढे सरकतं, त्यामुळे दहाला डोळा न लागणं हा निव्वळ आळस नव्हे. पण झोप आठ ते दहा तास हवीच. संध्याकाळच्या कॅनमधलं जवळपास निम्मं कॅफिन पाच तासांनीही अंगात असतं. कॅनवर बारीक अक्षरांत ‘मुलांसाठी नाही’ असंही छापलेलं असतं, वाचतो कोण!

मोबाइल हिसकावू नका. माझ्या घरी मी तो प्रयोग केलाय, आठवडाभर अबोला पदरात पडला. आधी कॅन बंद करा, सकाळी हातात दूध-केळं द्या, आणि सायकलवर पंप मारून ठेवा. रात्री सगळ्यांचेच फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. हो, साहेबांचाही.

दोन आठवडे उदासी हटली नाही, मित्र तुटले किंवा ‘जगून काय करू’ असं काही तोंडून निघालं, तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.