सिट्रोएन कंपनी खरंच एवढी जुनी आहे का? आणि त्यांनी गाड्यांमध्ये नवीन असं काय आणलं?

हो, चांगलीच जुनी. आपल्याकडे २०२१ ला आली म्हणून नवखी वाटते इतकंच, आंद्रे सिट्रोएनने फ्रान्समध्ये पहिली गाडी १९१९ ला काढली. त्याआधी तो गिअर बनवायचा, लोगोतले ते दोन उलटे व्ही म्हणजे त्या गिअरचे दाते. जाहिरातीचा तर एवढा नाद की १९२५ पासून काही वर्षं आयफेल टॉवरवर दिव्यांनी स्वतःचं नाव झळकवलं!

खरा धमाका १९३४ ची ट्रॅक्शन आव्हाँ. पुढच्या चाकांना पॉवर, वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेणार, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबाने लागणारे ब्रेक... हे सुटं सुटं आधी इतरांनी केलेलं होतं पण सगळं एका गाडीत घालून मोठ्या प्रमाणावर विकणं हे यांचं काम, आणि त्याच खर्चापायी दिवाळं निघालं, मिशेलिन टायरवाल्यांनी कंपनी घेतली, आंद्रे १९३५ ला वारला.

मग १९४८ ला शेतकऱ्यांसाठी स्वस्त गाडी टू सीव्ही आली, ती तर १९९० पर्यंत बनत होती.

पण माझ्या मते सगळ्यात भन्नाट १९५५ ची डीएस. धक्के झेलायला स्प्रिंगच्या जागी नायट्रोजन गॅस आणि दाबाखालचं तेल, इंजिन बंद केलं की गाडी हळूहळू खाली बसते, चालू केलं की उठते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती दाबून धरणारे. फक्त इंजिन तेवढं जुन्याच धाटणीचं ठेवलं, तिथे कंजूषी केली राव.