फाउंटन पेन फार ओलं आणि जाड लिहितंय, काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: नव्या पेनाची स्टीलची निब 'फाइन' आहे, तरी रेघ जाड उमटते, 'थ' आणि 'ध'च्या गाठी बुजतात, शाई लवकर वाळत नाही. मग निब दाबून घट्ट करावी का?

लगेच नको. आधी शाई नेमकी कशामुळे जास्त येते ते पाहा. पेन बेसिनवर निब खाली करून अर्धा मिनिट नुसतं धरा, झटकू नका. टोकाशी थेंब जमून पडला, तर दोष बहुधा निबेच्या चिरेत नाही, हवेत आहे. स्ट्रॉचं वरचं टोक बोटानं बंद केलं की पाणी आत राहतं, तशीच पेनातली शाई आतल्या कमी दाबामुळे थांबते. जेवढी शाई उतरते तेवढीच हवा जिभेच्या (निबेखालून शाई आणणाऱ्या तुकड्याच्या, म्हणजे फीडच्या) चरीतून वर जायला हवी. ती दुसरीकडून शिरली की शाईला धरून ठेवणारं काही उरत नाही. कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी आतली नळी) ढिला आहे का, त्याचं तोंड चिरलंय का, ते बघा. पेन ड्रॉपरनं भरायचं असेल, म्हणजे शाई थेट दांडीतच राहणार असेल, तर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन नको, त्यानं रबराची रिंग फुगून खराब होऊ शकते. ड्रॉपरच्या पेनात शाई तिसऱ्या हिश्श्याखाली गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. उन्हाळ्यात हे जास्त होतं. उपाय साधा आहे: त्याआधीच पेन भरत जा.

थेंब पडला नाही, पण रेघ जाडच आहे? मग कागद बदलून बघा. साध्या झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते आणि चांगली निबही बदनाम होते. नंतर शाई बदला. पायलटच्या इरोशिझुकू शाया मोकळ्या वाहतात, तर पेलिकनची ४००१ कोरडी चालते, म्हणून ओल्या पेनाला तीच आधी घालून बघावी. तिच्यातल्या निळ्या-काळ्या शाईत लोहक्षार असतात, ती पेनात वाळू देऊ नका. पातळ केली तर कमी येईल या समजुतीनं शाईत पाणी घालू नका. रंग फिका होतो आणि ओघ उलट वाढू शकतो. पेन भांड्यांच्या साबणानं धुतलं असेल तर साबण आत राहिलाय का हेही तपासा. त्यानं शाईचा पृष्ठताण उतरतो आणि ती वाहते नि कागदावर पसरतेही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग पुन्हा भरा.

एवढं करूनही फरक नसेल तरच निबेकडे वळा. १० पटीचं भिंग घ्या आणि निब उजेडासमोर धरा. चीर छिद्रापासून टोकाकडे निमुळती होत जायला हवी आणि टोकावरचे दोन्ही मणी एकमेकांना जेमतेम टेकायला हवेत. टोकापर्यंत उजेडाची रेघ दिसली, तर पाती (चिरेच्या दोन बाजू) फाकली आहेत. बॉलपेनच्या सवयीनं दाबून लिहिल्यावर हेच होतं, त्यामुळे हात हलका केला नाही तर दुरुस्ती टिकणार नाही.

पाती जवळ आणायला निब आणि जीभ रबराच्या तुकड्यानं पकडून सरळ ओढून काढा, पण ज्या पेनात ती अशी निघतात त्यातच. ती धुऊन कोरडी करा. मग डावं पातं अलगद उजव्याखाली सरकवून दोन-तीन सेकंद धरा, सोडा. पुढे उजवं डाव्याखाली. स्टील परत उसळी घेतं, म्हणून एकदाच जोर लावण्यापेक्षा थोडंथोडं करत प्रत्येक वेळी भिंगातून बघायचं. टोकं वरखाली झाली तर निब कागद खरवडते. दोन्ही मणी एका पातळीत आले की थांबा. जास्त आवळली तर शाई उतरतच नाही, मग चिरेत ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी सरकवून ती किंचित मोकळी करावी लागते. सोन्याच्या निबेवर हे घरी करून बघू नका.

निब परत बसवताना ती जिभेवर चिकटून बसली पाहिजे. मधे फट राहिली तर शाई तिथे साचते. जीभ एबोनाइटची (कडक रबराची) असेल तर निबेसकट कढत पाण्यात वीसेक सेकंद बुडवा, कापडात धरून अंगठ्यानं निबेला दाबा आणि गार पाण्यात निववा. प्लास्टिकच्या जिभेला मात्र हे लागू नाही.

चीर, हवा, शाई सगळं ठीक असून रेघ जाडच येत असेल, तर टोकाचा मणीच मोठा आहे. जपानी 'फाइन' साधारणपणे युरोपीय 'एक्स्ट्रा फाइन'इतकी बारीक असते, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. मणी घासून बारीक करण्याऐवजी त्याच मापाची बारीक निब घ्या. आपल्याकडे ३५ मिलिमीटरची म्हणून मिळते ती साधारणपणे ६ नंबरची असते, पण विकत घेण्याआधी जुनी निब सोबत नेऊन बुडाचा गोलावा जुळवून बघा.