दोन सामने हरलेला ओहायो स्टेटचा संघ २०२४ च्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता कसा ठरला?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ओहायो स्टेटचा संघ २०२४ च्या हंगामात दोनदा हरला, त्यातही मिशिगनसारख्या जन्मजात प्रतिस्पर्ध्याकडून घरच्या मैदानावर हरला, तर मग त्याचे राष्ट्रीय विजेतेपद खरे कसे मानायचे? विजेतेपद मिळाले कसे, हे नियमांवरून कळते. ते खरे का, हे त्या संघाने डिसेंबरात आपला खेळ कसा बदलला यावरून.

२०१४ ते २०२३ या काळात निवड समिती हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांसाठी केवळ चार संघ निवडत असे. २०२४ पासून ही संख्या बारा झाली. समितीच्या अखेरच्या क्रमवारीत ओहायो स्टेट सहावा होता. जुना नियम असता, तर विजेतेपदाची वाट तिथेच बंद झाली असती. पहिली चार मानांकने आपापली कॉन्फरन्स (संघांचा साखळी गट) जिंकणाऱ्या संघांसाठी राखून ठेवलेली असल्यामुळे हा सहावा संघ आठव्या मानांकनावर ढकलला गेला. त्या पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि चौघेही आपापला पहिलाच सामना हरले, ही त्या वर्षीची गंमत.

पहिल्या पराभवाबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. ऑक्टोबरात ओरेगनने त्यांना ३२-३१ असे हरवले. अखेरच्या क्षणी ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हलवणारा, पास फेकणारा खेळाडू) विल हॉवर्ड चेंडू घेऊन धावला आणि तो घसरून खाली बसेपर्यंत घड्याळातली वेळ संपून गेली.

३० नोव्हेंबरचा मिशिगनविरुद्धचा पराभव मात्र वेगळ्या जातीचा होता. तो सामना मी पूर्ण पाहिला आणि पाहताना सतत एकच प्रश्न पडत होता की, हे पुन्हा पुन्हा मधूनच का धावत आहेत? मिशिगनचे बचाव फळीतले सर्वांत बलाढ्य खेळाडू नेमके मधोमध उभे होते, तर जेरेमाया स्मिथसारखा पहिल्याच वर्षाचा पण विलक्षण झेल घेणारा खेळाडू कडेला चेंडूची वाट पाहत होता. मध्यंतराला १०-१० अशी बरोबरी होती. त्यानंतर ओहायो स्टेटला एकही गुण मिळवता आला नाही, आणि ४५ सेकंद उरले असताना मिशिगनने फील्ड गोल (गोलखांबांमधून लाथेने मारलेला तीन गुणांचा चेंडू) मारून सामना १३-१० असा खिशात घातला. मिशिगनविरुद्धचा हा सलग चौथा पराभव होता. मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला, आणि प्रशिक्षक रायन डे यांना हाकला अशी मागणी जोर धरू लागली.

तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर टेनेसीविरुद्ध उतरलेला संघ हाच का, असे वाटावे इतका खेळ बदललेला होता. मधली धडकाधडकी कमी करून चेंडू लांबवर आणि लवकर फेकला जाऊ लागला. पहिल्याच चतुर्थांशात २१-० अशी आघाडी झाली आणि सामना ४२-१७ असा संपला. रोझ बोल या उपांत्यपूर्व सामन्यात, ज्याने ऑक्टोबरात हरवले होते त्याच ओरेगनविरुद्ध, एका क्षणी धावफलक ३४-० होता. शेवट ४१-२१ असा झाला. उपांत्य सामन्यात टेक्सास बरोबरी साधण्याच्या बेतात असताना जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला (चेंडू मैदानाच्या टोकापार नेला). सॉयर बचाव फळीतला धिप्पाड गडी. त्याने एवढे अंतर धावावे, हे दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. निकाल २८-१४.

२० जानेवारी २०२५ रोजी अटलांटातील अंतिम सामन्यात ३१-७ अशी आघाडी नोत्र दामने ३१-२३ पर्यंत खाली आणली होती. त्या दडपणाखाली, तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) अकरा यार्ड हवे असताना, हॉवर्डने स्मिथकडे ५६ यार्डांचा पास फेकला आणि पुढे ३४-२३ असा विजय पक्का झाला. मिशिगनविरुद्ध हाच संघ अशा वेळी मधून धावला असता, असे माझे मत आहे.

म्हणून हे विजेतेपद मी खरेच मानतो: अव्वल मानांकित ओरेगनसह चार संघांना ओळीने हरवून ते मिळवलेले आहे. मिशिगनचा हिशेब मात्र त्याने फिटला नव्हता. तो पुढच्या हंगामात, २९ नोव्हेंबर २०२५ रोजी, मिशिगनच्याच घरी ॲन आर्बरमध्ये २७-९ असा फिटला.