सिप्रोफ्लॉक्सासिन जंतूच्या डीएनएचं करतं तरी काय?

प्रश्न : लघवीच्या जंतुसंसर्गावर डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. ‘यानं जंतूंच्या डीएनएची नक्कल थांबते,’ असं ते म्हणाले. मग आपल्या डीएनएला काही होत नाही का? आणि अॅसिडिटीच्या औषधाबरोबर ही गोळी घेऊ नका, असं का सांगतात?
– एक वाचक

उत्तर : डॉक्टरांनी सांगितलं ते खरं, पण नक्कल थांबते ती कशी, हे ऐकण्यासारखं आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना माझा सगळ्यात आवडता तास हाच.

ई. कोलाय हा जंतू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. त्याच्या डीएनएचं वर्तुळ उलगडून सरळ केलं, तर भरेल दीड मिलिमीटर! नक्कल करायची तर या डीएनएचे दोन धागे सुटे करावे लागतात. दोन पदरी पिळाची दोरी घ्या, एक टोक खुंटीला बांधा आणि दुसऱ्या टोकाचे पदर ओढून वेगळे करत चला. पुढचा पीळ बघता बघता इतका आवळतो, की पदर हलेनात. जंतूत ही नक्कल सेकंदाला सुमारे हजार अक्षरांच्या (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या घटकांच्या) वेगानं पुढे सरकते आणि दर साडेदहा अक्षरांमागे एक वेढा असतो. म्हणजे सेकंदाला शंभरेक वेढ्यांचा ताण!

तो काढतं डीएनए जायरेज हे एन्झाइम, म्हणजे पेशीतलं काम घडवून आणणारं प्रथिन. मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७६ मध्ये शोधलं. त्याचं काम म्हणजे जिवाशी खेळच. डीएनएचे दोन्ही धागे कापायचे, कापलेली टोकं स्वतःशी घट्ट धरून ठेवायची, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पलीकडे काढायचा आणि टोकं पुन्हा सांधायची. सिप्रो शिरतं ते कापणं झाल्यावर, सांधणं व्हायच्या आत. जायरेज तिथंच अडकतं. नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन त्यावर आदळते आणि डीएनए खरोखरीच तुटतो. म्हणून ‘जायरेज बंद पडतं’ असं कुणी म्हणालं, की मी लगेच टोकतो. नोवोबायोसिन हे जुनं औषध जायरेजला ऊर्जा मिळू देत नाही, त्याला ते वर्णन शोभेल. सिप्रो तर जंतूच्याच एन्झाइमकरवी जंतूचा घात करतं.

थोड्या मात्रेत सिप्रो घालून वाढवलेले ई. कोलाय मायक्रोस्कोपखाली पाहावेत. आखूड काड्यांऐवजी लांबच लांब धागे दिसतात. डीएनए तुटल्याचं कळताच जंतू दुरुस्तीला लागतो आणि तोवर विभाजन रोखून धरतो. अंग मात्र वाढतच राहतं.

आता आपलं. माणसाच्या पेशीतही असंच कापून सांधणारं एन्झाइम आहे, टोपोआयसोमरेज दोन. (कर्करोगावरचं इटोपोसाइड त्यालाच अडकवतं.) पण सिप्रो जायरेजला धरतं ते मॅग्नेशियमच्या एका आयनाच्या (विद्युतभारित अणूच्या) आणि त्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंच्या मदतीनं. त्यासाठी लागणारं सेरीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) आणि त्याच्या जवळचं आम्लधर्मी अमिनो आम्ल आपल्या एन्झाइममध्ये त्या जागी नाही. त्यामुळे उपचाराच्या मात्रेत आपला डीएनए सहसा बचावतो. जंतूही हीच पळवाट काढतात : जायरेजच्या साखळीत ८३ व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन हे दुसरं अमिनो आम्ल आलं, की ई. कोलायवर सिप्रोचा जोर ओसरतो. अर्थात डीएनए बचावला म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही. टाचेमागची धोंडशीर (स्नायू हाडाला जोडणारी कंडरा) दुखू लागली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा.

अॅसिडिटीच्या औषधाचं कोडंही या मॅग्नेशियमपाशीच सुटतं. त्यांतल्या अनेक औषधांत मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम असतं. सिप्रो पोटातच त्यांना चिकटून बसतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. कॅल्शियम, लोह, जस्ताच्या गोळ्यांचंही तेच. म्हणून सिप्रो त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायचं. नुसत्या दुधा-दह्याबरोबरही नको. पूर्ण जेवणात थोडं दही असलं तर चालतं.