निष्ठा कंपनीशी की माउंटशी?

प्रश्न : गेली पंधरा वर्षे मी निकॉनचाच डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरतो आणि चार लेन्स जमवल्या आहेत. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत मात्र सोनी पुढे गेली, निकॉन आणि कॅनन मागून आल्या. आमच्यासारख्या निष्ठावान ग्राहकांमुळेच या कंपन्या सुस्तावल्या का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बऱ्याच अंशी होय, मात्र ज्याला आपण निष्ठा म्हणता, ती मुख्यतः माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जिथे बसते त्या जोडणीची, पकड असते; एका माउंटची लेन्स दुसऱ्यावर सहसा थेट बसत नाही. बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, पाच-सहा वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षे टिकते, आणि तिच्यात गुंतलेला पैसा ग्राहकाला हलू देत नाही.

निकॉनने १९५९ साली आणलेला एफ माउंट जवळपास साठ वर्षे मुख्य माउंट म्हणून सांभाळला, ही ग्राहकांविषयीची खरी आस्था होती. पण माउंटचे ४४ मिलिमीटरचे अरुंद तोंड आणि आरशासाठी माउंटच्या मागे राखलेले ४६.५ मिलिमीटरचे अंतर पुढे अडचणीचे ठरले. कॅननने १९८७मध्ये एफडी माउंट सोडून पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आणि अधिक रुंद ईएफ माउंट आणला. जुने ग्राहक दुखावले, हे खरे. तरीही नव्वदच्या दशकात क्रीडाछायाचित्रकारांच्या हाती कॅननच्या पांढऱ्या लेन्स दिसू लागल्या, त्या याच निर्णयामुळे. ते धैर्य मला फार मोलाचे वाटते, आणि म्हणूनच तीच कॅनन पुढे कचरली याचे वाईट वाटते.

सोनीने २००६मध्ये कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय घेतला, तेव्हा तिच्याकडे गमावण्यासारखे ग्राहक थोडे होते. २०१३मध्ये तिने फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा प्रकाश टिपणारा सेन्सर असलेला, मिररलेस ए७ बाजारात आणला. निकॉनने २०११मध्ये आणि कॅननने २०१२मध्ये मिररलेस काढले होते, पण लहान सेन्सरचे. स्वतःच्या डीएसएलआरला धक्का लागू नये, हाच हेतू त्यामागे असावा असे माझे मत आहे. दोघींचे फुल फ्रेम मिररलेस आले ते थेट २०१८मध्ये.

आपण आता लेन्स तपासा. त्या एएफ-एस प्रकारच्या, म्हणजे स्वतःची फोकस मोटर असलेल्या असतील, तर निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर (जोडकडी) लावून तिच्या मिररलेस झेड बॉडीवर त्यांचा ऑटोफोकस चालेल, आणि कंपनी बदलण्याची गरज नाही. बॉडीतील मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स असतील, तर त्या अ‍ॅडॉप्टरवर फोकस हातानेच करावा लागतो; अशा वेळी तिन्ही कंपन्यांचे कॅमेरे दुकानात हाताळून, नव्या ग्राहकाइतक्याच मोकळ्या मनाने निवड करावी.