वाचकांचे सवाल: चावी कुणाच्या खिशात?

प्रश्न: सर नमस्कार, वाळूज एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत प्रेस शॉपला (पत्रा दाबून भाग काढतात तिथं) आहे. ८ महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझरचा प्रॉडक्शन मॅनेजर झालो, तिन्ही शिफ्टचे मिळून साठेक लोक हाताखाली. पगार वाढला पण झोप गेली. सकाळी साडेसहाला घर सोडतो, रात्री नऊला येतो, जेवतानाही फोन. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) क्रॅक झाली फोन, हेल्पर आला नाही फोन, गाडी गेटवर उभी आहे फोन. साहेब म्हणतात मॅनेजर झालास ना, मग कर मॅनेज. गावाकडं पैठण तालुक्यात कापसाची वेचणी चालू आहे, वडील एकटे, मी दोन महिन्यांत एकदा गेलो. बायको म्हणते राजीनामा द्या. मी कमी पडू लागलोय का?
— एक वाचक, बजाजनगर

उत्तर: कमी कसले पडताय भाऊ, तुम्ही दोन माणसांचं काम करू लागलात. मॅनेजरच्या खुर्चीवर बसलात पण सुपरवायझरची खुर्ची सोडलीच नाही.

मला हे कळतं कारण मीही असलाच होतो. नव्वदच्या दशकात एका कंपनीत (नाव कशाला घ्यायचं) टूल स्टोअरची चावी माझ्या खिशात असायची, का तर पोरं पंच (पत्र्याला भोक पाडायचं हत्यार) नेतात अन रजिस्टरला लिहीत नाहीत. मेव्हणीचं लग्न होतं जालन्याला, मी चावीसकट गेलो. अक्षता पडायच्या टायमाला मंगल कार्यालयाच्या फोनवर निरोप, लाईन उभी आहे, म्हणजे उत्पादन थांबलंय. एक पोरगा मोटरसायकलवर वाळूजहून पार जालन्याला आला, चावी घेतली, जेवलाही नाही बिचारा, तसाच माघारी. तोवर सगळं बंद. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शिव्या दिल्या नाहीत, एवढंच विचारलं, दुसरी चावी कुठं असते? दुसरी चावी माझ्याच घरी होती, कपाटात.

तर सोमवारपासून सहा दिवस खिशात छोटी वही ठेवा अन येईल तो फोन लिहा, कुणाचा, कशासाठी, तुम्ही काय सांगितलं. कंटाळा येईल, तरी लिहा. मी केलं तेव्हा निम्म्याच्या वर फोन असे निघाले की विचारणाऱ्याला उत्तर माहीत होतं, त्याला फक्त उद्या बोलणी बसली तर सांगायला माझं नाव पाहिजे होतं. ही सवय पोरांची नाही, आपणच लावलेली असते, कारण फोन आला की आपल्यालाही बरं वाटतं, आपल्यावाचून अडतंय म्हणून. खरं बोला.

वही भरली की तिन्ही शिफ्ट इनचार्जना घेऊन बसा. कोणती डाय स्टँडबाय, किती पीस रिजेक्ट गेले की प्रेस थांबवायची, हेल्पर कमी पडला तर कोणत्या लाईनचा ओढायचा, हे कागदावर लिहून बोर्डावर लावा. रात्री फोन तीनच गोष्टींना: माणसाला लागलं, आग लागली, किंवा कस्टमरची लाईन थांबायची पाळी आली. बाकी सगळं सकाळी शिफ्ट बदलताना दहा मिनिटांत. तरी फोन येईलच, तेव्हा उत्तर देऊ नका, "तू काय करणार होतास?" असं विचारा अन गप्प बसा, ते गप्प बसणंच लई अवघड आहे. सुरुवातीला एखादा लॉट हमखास बिघडेल. त्या दिवशी पोराला सगळ्यांसमोर झापलंत तर बोर्डावरचा कागद फाडून टाका, तो परत तुम्हालाच विचारणार.

साहेबांचं वेगळं. तिथं आपली "हो साहेब, होऊन जाईल" ही सवय नडते. हातातल्या कामांची यादी पुढं ठेवायची अन विचारायचं, साहेब हे आज घेतलं तर ऑडिटचे कागद परवावर जातात, आधी काय करू? कामाला नाही म्हणायचं नाही, निवड त्यांना करू द्यायची.

आता तब्येत. साडेचौदा तास गुणिले सहा, हे ८७ तास झाले, जाणंयेणं वजा केलं तरी लई होतात. जागतिक आरोग्य संघटना अन आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये हिशोब मांडला होता, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त अन हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के जास्त. या आठवड्यात बीपी तपासून घ्या, उगं टाळू नका. झोप येतच नसेल, सारखं घाबरल्यासारखं होत असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राजीनामा सध्या खिशात ठेवा, नव्या कंपनीतही तुम्ही असेच वागणार. त्याआधी दोन दिवस रजा टाकून वेचणीला जा अन कंपनीचा फोन शिफ्ट इनचार्जकडं देऊन जा.

प्रश्न: परभणीत पतसंस्थेच्या शाखेत मॅनेजर आहे. स्टाफमध्ये दोन काका माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, काम सांगितलं की "बघू ताई" म्हणतात अन शेवटी मीच करते. मार्च एंडचं आत्तापासून टेन्शन आलंय.
— एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, काका म्हणा, मान द्या, पण काम तोंडी सांगू नका. वसुलीची यादी दोन भागांत लिहून ज्याच्या त्याच्या नावानं द्या, अन काउंटर उघडायच्या आधी रोज पाच मिनिटं उभ्या-उभ्या ज्याची यादी त्यालाच वाचायला लावा. कोणतं खातं तीन दिवस हललं नाही हे त्यांच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू येतं, तुम्हाला बोलायची गरज पडत नाही. जुने कर्जदार काकांच्या ओळखीतलेच असणार, त्यांच्या घरी वसुलीला जायचं काम तर काकांनाच द्या. अन "मीच करते" हे आठवडाभर बंद, फाईल टेबलावर पडून राहिली तर राहू द्या, फक्त तारीख टाकून ठेवा.