नदीकाठच्या गोट्यांच्या खाणीला बांध घालावा का?

प्रश्न : नदीकाठी आमची चार एकर जमीन आहे. दोन फूट मातीखाली गोटे आणि भरड वाळूचा जाड थर लागतो. ठेकेदार पाच मीटर खोल खाण घेणार आहे. काठापासून तीस मीटर जागा सोडून, पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून भोवती दोन मीटर उंच मातीचा बांध घालून देतो म्हणतो. होकार द्यावा का? (एक शेतकरी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : या आराखड्याला होकार देऊ नका. आधी पूररेषा पाहा. जलसंपदा विभागाच्या निकषाप्रमाणे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी), यांपैकी जो मोठा, त्यावरून निळी रेषा आखतात. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम आणि भराव निषिद्ध. दोन रेषांमध्ये, म्हणजे नियंत्रित क्षेत्रात, अटींसह परवानगी मिळू शकते. काठापासून तीस मीटरवरची जागा बहुधा निळ्या रेषेच्या आतच निघेल. तिथला बांध पाणी समोरच्या काठावर आणि वरच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या शेतात ढकलतो. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे दर वर्षी चार टक्के शक्यता. दहा वर्षं खाण चालली तर त्या काळात असा पूर येण्याची शक्यता तीनात एक.

लाल रेषेबाहेर खाण घेता येत असेल तर उत्तमच. नियंत्रित क्षेत्रातच घ्यावी लागली, तर पाणी अडवण्यापेक्षा ते कुठून आणि किती संथपणे आत येईल हे ठरवा. पुरात बांधाबाहेर पाणी चढतं आणि आत कोरडा खड्डा राहतो. पाणी बांधावरून गेलं की थेट सात मीटर खाली कोसळतं. बांध तासाभरातही फुटू शकतो. मग खाणीचा काठ नदीच्या दिशेने मागे मागे खचत जातो, मधली तीस मीटरची पट्टी संपते आणि नदी खाणीत शिरते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ईस्ट फोर्क लुईस नदी नोव्हेंबर १९९६ च्या पुरात आपलं पात्र सोडून काठच्या जुन्या गोट्यांच्या खाणींमधून वाहू लागली. म्हणून अंतर ठरवताना जुने टोपोशीट (सर्वेक्षणाचे नकाशे) आणि उपग्रहचित्रं शेजारी ठेवून काठ दर वर्षी किती सरकतो ते मोजा. भाडेपट्टा संपला तरी खड्डा राहतो, हे धरून चाला.

बांध हवाच असेल तर बुटका ठेवा आणि खालच्या अंगाच्या टोकाला सांडवा करा. त्या टोकाला पुराची पातळी सर्वांत कमी असते, त्यामुळे पाणी फुगवट्याने शिरतं, प्रवाहाच्या धारेने नाही. सांडव्याचा माथा बांधाच्या सर्वांत सखल जागेपेक्षा निदान अर्धा मीटर खाली हवा. १०० × ८० × ५ मीटरच्या खड्ड्यात सुमारे ४०,००० घनमीटर पाणी मावतं. दहा मीटर रुंद सांडव्यावरून ३० सेंटिमीटर जाडीचं पाणी आलं तर सेकंदाला २.८ घनमीटर, म्हणजे खड्डा भरायला चार तास. नदी वेगाने चढणारी असेल तर सांडवा रुंद करा.

सांडव्याचा आतला उतार १:४ (एक उभा, चार आडवे) ठेवा आणि पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, थेट खाणीच्या तळापर्यंत न्या. ३० ते ४५ सेंटिमीटरचे दगड, ६० सेंटिमीटर जाडीचा थर, त्याखाली २० सेंटिमीटर खडीची गाळणी. गाळणी नसली की दगडांच्या फटींतून माती वाहून जाते आणि वरून धडधाकट दिसणारं पिचिंग एका रात्रीत बसतं. तळाशी दगड कमी टाकण्याची काटकसरही अशीच महागात पडते. सांडव्याऐवजी ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे नळ) टाकू नका, ओंडक्यांनी आणि पाल्याने ते ऐन पुरात तुंबतात.

मेच्या अखेरीस उपसा पंप बंद करा. भूजलाने खड्डा जितका भरेल तितकी पाण्याची उडी कमी होते. हा उपाय फुकट आहे, तरी खाण कोरडी ठेवण्याच्या हट्टापायी बहुतेक ठिकाणी टळतो. मातीचे ढीग लाल रेषेबाहेर ठेवा. आत ठेवायचेच तर प्रवाहाला समांतर, मध्ये मोकळ्या वाटा सोडून.

प्रश्न : आमच्या पुलापासून प्रवाहाच्या खालच्या बाजूला वाळू-गोट्यांचा उपसा चालतो. पूल प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे, मग त्याला धोका कसा? (एक सरपंच, जळगाव जिल्हा)

उत्तर : पात्रातला खड्डा वरच्या दिशेने खचत जातो. त्याच्या वरच्या कडेवर पाण्याला उतार मिळतो, वेग वाढतो, तळ कापला जातो आणि कड मागे सरकत पुलाच्या पायापर्यंत पोचते. म्हणूनच केंद्राच्या २०२० च्या वाळू उपसा देखरेख सूचनांत पुलाच्या वरच्या बाजूला लांबीच्या पाचपट (किमान २५० मीटर), तर खालच्या बाजूला दहापट (किमान ५०० मीटर) अंतर सांगितलं आहे. पूल ६० मीटरचा असेल तर वर ३०० आणि खाली ६०० मीटर. पावसाळ्याआधी आणि नंतर पुलाजवळच्या तळाची पातळी पक्क्या खुणेवरून मोजून नोंदवा. तहसीलदारांकडे तक्रार करताना हे आकडे जोडा.

प्रश्न : संपलेली खाण मातीने भरावी का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : पूरक्षेत्रात नको. सैल भराव पहिल्या मोठ्या पुरात वाहून जातो. कडा १:३ उताराच्या करा, वरची राखून ठेवलेली माती त्यांवर पसरा, नदीकडच्या बाजूला वाळा आणि करंज लावा आणि खालच्या टोकाचा सांडवा कायम ठेवा.